खोली जवळ होती

फोरमनच्या निरोप समारंभात शेठ बराच वेळ बोलले. यांच्या बोटांत जादू आहे, असा कारागीर पुन्हा होणे नाही, आपला कारखाना उभा आहे तो या दोन हातांवर, असं सगळं बोलले. मग शाल झाली, नारळ झाला, चांदीच्या मुलाम्याचा एक गणपती झाला आणि माइक फोरमनकडे आला. त्यांनी तो उलटासुलटा करून त्याच्या प्लास्टिकवरची जोडरेघ कुठून गेली आहे ते पाहिलं. मग तोंडाजवळ धरून म्हणाले, “माझी खोली जवळ होती.” आणि खाली बसले.

लोकांना वाटलं, गळा दाटून आला असेल. टाळ्या पडल्या. भाषण पूर्ण झालंय हे तिथे दोघींनाच कळलं होतं. एक मी आणि दुसऱ्या त्यांच्या बायको, म्हणजे काकू. त्या माझ्या शेजारी बसून वेफर्स खात होत्या. म्हणाल्या, “आज त्यातल्या त्यात लांबवलं.”

आमचा कारखाना डोंबिवलीच्या एमआयडीसीत. प्लास्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे बनवायचे. बाटल्यांची झाकणं, डबे, कंगवे, रिमोटच्या मागची सरकणारी पट्टी. साचा जिथे तयार होतो त्या खात्याला टूलरूम म्हणतात आणि फोरमन तिथले प्रमुख होते. त्यांना नाव होतं, पगाराच्या पावतीवर यायचं, पण सगळे फोरमनच म्हणायचे. काकूसुद्धा. “आमचे फोरमन आंघोळीला गेलेत,” असं त्या फोनवर सांगायच्या.

हाताबद्दल वाद नव्हता. पोलादाच्या तुकड्यावरून ते उजव्या अंगठ्याचं नख फिरवायचे आणि म्हणायचे, इथे केसभर जास्त आहे. आम्ही मापायचो. तिथे केसभर जास्त असायचं. ते एक नख ते नेलकटरने कापायचे नाहीत, बारीक कानशीने घासायचे. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. झाडूवाल्या मावशींना, वॉचमनला आणि मशीनलाही. ठिणग्यांनी पोलाद कोरणारं स्पार्कचं मशीन तापून बंद पडलं की म्हणायचे, “ह्यांना जरा बसू द्या.” शेठना मात्र ते अरे-तुरे करत, कारण शेठ शाळेच्या गणवेशात कारखान्यात यायचे तेव्हापासूनची सवय होती.

पण त्यांचं मुख्य काम म्हणाल तर माणूस पुढे कशामुळे जातो याचा शोध हे होतं, आणि तो शोध त्यांच्या मते लागलेला होता. माणूस अंतरामुळे पुढे जातो. कोणी सांगितलं की अमक्याच्या मुलाला मोठी नोकरी लागली, हुशार आहे, तर ते विचारायचे, “राहायला कुठे?” जवळ निघालं की मान डोलवायचे. लांब निघालं तर विचारायचे, “मग तेव्हा कोणाकडे उतरले होते?” आणि दर वेळी काहीतरी निघायचंच. एकाची मावशी दादरला निघाली. एकाच्या वडिलांचं क्वार्टर कॉलेजच्या कुंपणाला लागून निघालं. फोरमन काही बोलायचे नाहीत. सिद्ध झालेल्या गोष्टीवर काय बोलायचं.

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर बसले ती मुलाखतीला. माझ्याकडे डिप्लोमा होता आणि रुमालात गुंडाळलेला एक पोलादाचा ठोकळा होता. तो मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हाताने घासून बनवलेला. दोन भाग, एकात एक बसणारे, मधून उजेड दिसत नव्हता. मला वाटलेलं की तो टेबलावर ठेवला की बाकी काही विचारायची गरज राहणार नाही.

त्यांनी विचारलं, “राहता कुठे?”

“टिटवाळ्याला.”

“स्टेशनपासून?”

“रिक्षाने दहा मिनिटं.”

“रिक्षा मिळाली नाही तर?”

मी म्हटलं, पंचवीस. मग त्यांनी गाडी कुठली, ती चुकली तर पुढची कधी, डोंबिवलीला उतरल्यावर बस की रिक्षा, घरी कोण कोण, नळाला पाणी किती वाजता येतं, हे सगळं विचारलं. ठोकळा तसाच पडलेला. शेवटी मीच म्हटलं, “हात नाही का बघणार?”

त्यांनी ठोकळा उचलला, दोन भाग वेगळे केले, नख फिरवलं. बराच वेळ फिरवलं. मग तो परत रुमालात नीट गुंडाळून माझ्याकडे सरकवला.

“हात फार चांगला आहे,” ते म्हणाले. “वाया जाईल.”

सोमवारपासून या म्हणाले.

पहिली दोन वर्षं ते म्हणाले तसंच झालं. साचा बनवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं असतं ते मशीनवर चढवून पहिला माल काढून बघण्याचं. त्याला ट्रायल म्हणतात. साच्याच्या सगळ्या खोड्या ट्रायलमध्ये कळतात. पण मोठी मशीन दिवसभर मालाच्या कामात अडकलेली, त्यामुळे ट्रायल व्हायची ती सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी किंवा संध्याकाळची सुटल्यानंतर. सकाळी मी पोचायचे तेव्हा ट्रायल आटपलेली असायची. संध्याकाळी माझ्या गाडीची वेळ झालेली असायची. बाबा नव्हते, घरी आई एकटी, आणि कल्याणच्या पुढे आमच्या बाजूला गाड्या कमी. एक गेली की पुढचीची वाट बघत फलाटावर बसायचं.

प्रशांत नावाचा माझ्याबरोबरच लागलेला मुलगा मागच्या गल्लीत राहायचा. हात बेताचा. कानस धरली की खांदा हलायचा. पण प्रत्येक ट्रायलला तो हजर. दोन वर्षांत तो मिटिंगमध्ये बोलायला लागला, हा साचा इथे माल धरून ठेवणार, इथे माल कमी भरणार, आणि ते खरं व्हायला लागलं. मी केलेले भाग त्याच्या साच्यात बसायचे आणि साचा त्याच्या नावाने ओळखला जायचा. मी एकदा फोरमनना सरळ सांगितलं की हा अन्याय आहे.

“अन्याय नाही,” ते म्हणाले. “कल्याण जंक्शन आहे.”

मला तेव्हा त्यांचा राग यायचा. घरी आईला सांगितलं की ती म्हणायची, त्या माणसाला एकदा जेवायला बोलाव, मला बघायचाय. आईला कोणालाही काहीही तोंडावर विचारायची सवय आहे, त्यामुळे मी टाळत होते. पण एका रविवारी तेच आले. गणपतीच्या दर्शनाला म्हणून काकूंना घेऊन टिटवाळ्याला आलेले, आणि दर्शन झाल्यावर स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत मुद्दाम चालत आले. दारात उभे राहून घड्याळ बघितलं. म्हणाले, “पंचवीस नाही. एकोणतीस.”

जेवण झालं. काकू गच्चीत गेल्या. आमच्या मागे तेव्हा इमारती झालेल्या नव्हत्या, मोकळी जागा होती आणि पलीकडे डोंगर. फोरमनने हात पुसले आणि आईला सांगितलं, “तुम्ही दोघी आमच्या घरी राहायला जा. आम्ही इथे येतो.”

आईने विचारलं, “किती दिवस?”

“कळेपर्यंत.”

“काय कळेपर्यंत?”

“हात किती आणि अंतर किती.”

मी म्हटलं हे असं कसं करता येईल. आई म्हणाली, “ह्यांना मूलबाळ?” फोरमन म्हणाले, नाही. आई म्हणाली, “तरीच.” मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले, जसं काही माझंच उत्तर यायचं राहिलंय. गच्चीतून काकूंचा आवाज आला, “इथे वारा आहे हो.”

गणपती झाल्यावर आम्ही घरं बदलली. भांडी, पलंग, कपाटं जागच्या जागी. कपडे आणि देव तेवढे इकडचे तिकडे. ज्याने त्याने आपापलं विजेचं बिल भरायचं ठरलं. त्यांच्या दोन खोल्यांत सगळीकडे कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या सापडल्या. गॅसचं डावं बटण घट्ट आहे. खिडकी उचलून ओढावी. शेजारचे आजोबा पेपर नेतात, नेऊ द्यावा. दाराच्या आतल्या बाजूला एकच होती: गेट चार मिनिटं.

आता कारखान्यात सगळ्यांना गंमत बघायची होती. तीस-पस्तीस वर्षांत ज्या माणसाला उशीर झाला नव्हता तो पहिल्याच आठवड्यात तीनदा उशिरा आला. ऑफिसने त्याला नियमाप्रमाणे मेमो दिला. फोरमनने तो उभ्या उभ्या दोनदा वाचला, सही केली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवला. कोणी आलं की दाखवायचे. “बघा, मी निष्काळजी झालो.” संध्याकाळी ते साडेपाचला डबा उचलून निघायचे. ट्रायल चालू असली तरी दारातून एकदा आत बघायचे आणि जायचे. महिन्या-दोन महिन्यांत त्यांना कुठल्या साच्याचं काय झालं हे विचारावं लागायला लागलं. मला विचारायचे. मी सांगायचे. ते वहीत लिहून घ्यायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर ऑपरेशन यशस्वी झालेल्या डॉक्टरचं समाधान असायचं.

मी प्रत्येक ट्रायलला जायला लागले. पहिले काही महिने नुसती उभी राहायचे. मग कळायला लागलं.

त्या वर्षी औषधाच्या बाटलीच्या झाकणाचा एक साचा आला. आठ झाकणं एकदम निघणार, त्यातलं एक दर वेळी काठाला काळं पडायचं, जळल्यासारखं. प्रशांतचं म्हणणं, दाब वाढवू. दाब वाढवला, जास्त काळं झालं. शेठचं गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं. तिसऱ्यांदा साचाच घेऊन जाणार होतं, आणि ते गिऱ्हाईक गेलं तर टूलरूममधली दोन-तीन माणसं कमी होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी मी सव्वासहाला एकटीच मशीनवर गेले. ऑपरेटर होता, बाकीची मशीन बंद. साचा मिटताना शेवटच्या क्षणी मला बारीक फुस्स ऐकू आलं. त्या एका जागेतून हवा बाहेर जायला धडपडत होती आणि तिला वाट नव्हती. अडकलेली हवा दाबाने तापून प्लास्टिक जाळत होती. साचा उतरवला, नख फिरवलं, जागा सापडली आणि कानशीने हवेपुरती, केसाहून बारीक वाट करून दिली. आठला पहिला माल काढला. आठही झाकणं पांढरीशुभ्र.

साडेनऊला फोरमन आले. त्यांनी झाकणं एकेक करून बघितली. “किती वाजता आलात?”

“सव्वासहा.”

“मग,” ते म्हणाले. एवढंच.

मला अजून आठवतंय, मला रडायला आलेलं. माझा हात होता, माझं नख होतं, आणि हा माणूस श्रेय खोलीला देत होता. मी म्हटलं, “प्रशांत जन्मापासून इथेच राहतो. त्याला का नाही ऐकू आलं?”

त्यांनी झाकणं खिशात टाकली आणि निघून गेले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले. “प्रशांतच्या घरी जाऊन आलो. पलंगाच्या मागच्या भिंतीला पाण्याची मोटर आहे. पहाटे पाचपासून चालू. बारीक आवाजाला ते पारखे झालेत.” मग जाता जाता म्हणाले, “त्यांना खोली बदलायला सांगितलीय.”

ते निवृत्त झाले तेव्हा शेठने टूलरूम माझ्याकडे दिली. सगळे म्हणाले, हाताला न्याय मिळाला. मी त्यांच्याकडे बघत होते. ते शाल घडी करत होते. घरं मात्र पुन्हा बदलली नाहीत. मी विचारायला टिटवाळ्याला गेले तर काकूंनी गच्चीत अळू, कढीपत्ता आणि दुधीचा मांडव केलेला. म्हणाल्या, “फोरमनना न्यायचं तर न्या. मी इथून हलत नाही.” मग कागद करून घरांची कायमची अदलाबदल झाली. त्यांचा शोध अशा रीतीने त्यांच्याच अंगावर आला आणि त्यांना ते मान्य होतं.

या शोधाचा उगम म्हणजे दामोदरकाका. ते आमच्याच कारखान्यातले जुने फिटर, फोरमनच्या बरोबरीचे, आयुष्यभर फिटरच राहिले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. शेठखेरीज फोरमन अरे-तुरे करायचे ते ह्यांनाच, आणि सांगायचे की दामोदरचा हात माझ्यापेक्षा दोन बोटं वर. त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, मग स्पार्कचं पहिलं मशीन परदेशातून आलं. त्याबरोबर एक गोरा इंजिनिअर आठ दिवसांसाठी शिकवायला आला. शिकायला दामोदरचं नाव ठरलेलं. पण दामोदर आंबिवलीहून यायचा, पहिल्याच दिवशी गाडी रखडली, इंजिनिअर समोर कोण उभं आहे ते बघून कामाला लागला, आणि समोर मी उभा होतो कारण माझी खोली जवळ होती. पुढे त्या मशीनवर सगळा कारखाना उभा राहिला. बाकी मी काही केलेलं नाही. ही गोष्ट मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलेली की मला ती पाठ होती.

टूलरूम माझ्याकडे आल्यावर वर्षभराने कंगव्याचा एक फार जुना साचा दुरुस्तीला आला. त्याचे दात दामोदरकाकांनी हाताने घासलेले. ते कसे घासले हे कोणालाच कळेना, म्हणून मी आंबिवलीला त्यांच्याकडे गेले. चाळीतली पुढची खोली, दारात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी साच्याचा फोटो बघितला आणि कागदावर पेन्सिलने कानस कशी तिरकी धरायची ते काढून दाखवलं. रेघ हलली नाही. मी बोलून गेले, “त्या दिवशी गाडी रखडली नसती तर फोरमन तुम्हीच झाला असतात.”

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. “गाडी वेळेवर होती,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सातवी झालेले. आठ दिवस गोऱ्या माणसाशी बोलायचं म्हणून बायकोने नवा शर्ट इस्त्री करून दिलेला. माय नेम इज एवढं पाठ करून आले. गेटपाशी पोचले तर आत तो उंच माणूस उभा राहून वॉचमनशी हात मिळवत होता, काहीतरी विचारत होता आणि हसत होता. दामोदरकाकांचे पाय तिथेच थांबले. गेटवरून परत फिरले, कल्याण स्टेशनच्या बाकावर दुपारपर्यंत बसले आणि मग जाऊन सांगितलं की गाडी रखडली.

“त्याला सांगू नका,” ते म्हणाले. “त्याला वाटतं त्याने माझी जागा घेतली. मी सगळं गाडीवर ढकललंय म्हणून त्याला माझ्या घरी चहा प्यायला येता येतं.”

मी कोणाला सांगितलं नाही. पण फोरमनच्या मोठ्या शोधाखाली असलेला पाया पोकळ आहे, हे मला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. खोली जवळ नव्हती म्हणून दामोदरकाका मागे राहिले नव्हते. म्हणजे खोली जवळ होती म्हणून मी पुढे आले असंही नसेल.

त्याच सुमाराला मला ठाण्याहून बोलावणं आलं. घोडबंदर रोडच्या बाजूची मोठी कंपनी. त्यांची टूलरूम आमच्या अख्ख्या कारखान्याएवढी. प्रमुख हवा होता. कोणीतरी माझं नाव सुचवलेलं. भेटायला या म्हणाले, चार-पाच मोठे लोक असतील, आपल्या कामाबद्दल पाऊण तास बोलायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची, इंग्रजीत. मी दोनदा तारीख पुढे ढकलली. सगळ्यांना सांगितलं, लांब पडतं. शेठना सांगितलं, आईला सांगितलं. आई म्हणाली, “बरं.” ती एवढं कमी बोलली की मी अस्वस्थ झाले आणि रविवारी टिटवाळ्याला गेले. फोरमन तरी माझ्या बाजूने बोलतील अशी खात्री होती. त्यांचाच सिद्धान्त होता.

गच्चीत ते दुधीच्या वेलाला सुतळी बांधत होते. मी सांगितलं की मोठी जागा आहे, पण लांब पडतं.

“किती?”

“बाळकुमच्या पुढे. आमच्या दारापासून सव्वा तास.”

त्यांनी गाठ पूर्ण केली. मग खाली बसले, आणि मी काही न विचारता म्हणाले, “त्या दिवशी मी दामोदरला पाहिलं होतं.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

“मी गल्लीतून बाहेर आलो तर हा गेटवर. नवा शर्ट. आत बघितलं आणि परत फिरला. मी पानवाल्याच्या टपरीमागे गेलो. त्याने मला बघितलं असतं तर त्याला पुन्हा कामावर येता आलं नसतं.”

“मग तुम्ही इतकी वर्षं गाडीचं का सांगता?”

“त्याने सांगितलं म्हणून.” ते सुतळीचं टोक कुरतडत होते. “आणि ते खोटं नाही. भीती मलाही होती. मी पाचवी. त्या माणसाने मला तीनदा काहीतरी विचारलं. मी तिन्ही वेळा वेगवेगळा पान्हा दिला. तिसऱ्यांदा बरोबर निघाला. दामोदरच्या जागी मी असतो तर मीही परत गेलो असतो. पण आंबिवलीच्या माणसाकडे परत जायला कारण असतं. माझ्याकडे नव्हतं. चार मिनिटांवर राहणारा माणूस काय सांगणार, वाटेत काय रखडलं?”

खालून काकूंनी चहाला हाक मारली. ते उठले नाहीत.

“तुम्हाला भीती वाटते का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “हो.”

“मग तसं सांगा. अंतराला मध्ये घेऊ नका.”

मी गेले. पाऊण तास काय बोलले ते मला आठवत नाही. दोन ठिकाणी इंग्रजी शब्द सुचला नाही, तेव्हा मी बोलायची थांबले, बॅगेतून कंगव्याच्या साच्यासाठी मी घासलेला तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि हाताने दाखवलं. त्यांच्यातल्या एका पांढऱ्या केसांच्या माणसाने तो उचलून त्यावरून नख फिरवलं आणि शेजारच्याला म्हणाला, “ह्या बाईंना घ्या.” तो माणूस त्या दिवशी पुण्याला असणार होता, त्याची सकाळची मिटिंग रद्द झाली म्हणून बसलेला, हे मला नंतर कळलं. हे मी फोरमनना कळवलं नाही. त्यांनी त्यावर काहीतरी काढलं असतं.

आम्ही बाळकुमला भाड्याने जागा घेतली. डोंबिवलीच्या खोल्यांचं काय करायचं ते विचारायला आई आणि मी टिटवाळ्याला गेलो. फोरमन म्हणाले, टूलरूममध्ये आसनगावहून येणारे कोण आहेत ते बघा, बायकामुलं असलेले बघा. हात कसा आहे हे त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं की एक आहे आणि हात चांगला आहे. ते म्हणाले, “असू दे.”

दामोदरकाका आलेले होते. ते आठवड्यातून एकदा येतात, काकू त्यांना अळू बांधून देतात. माझी नवी नोकरी म्हणून शिरा केलेला. बशा फिरल्या. आई आणि दामोदरकाका पहिल्यांदाच भेटत होते. मी कंगव्याच्या साच्याची गोष्ट सांगत होते, ते दात कसे घासलेत, आजही मशीनला तसे जमत नाहीत, वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं. मग चमचा बशीत ठेवून त्यांच्याकडे वळली.

“एवढा हात चांगला,” ती म्हणाली, “मग तुम्ही का नाही हो झालात फोरमन?”

काकू आत निघून गेल्या. दामोदरकाका बशीकडे बघत राहिले. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“गाडी रखडली हो त्यांची,” फोरमन म्हणाले. “मशीन आलं त्याच दिवशी. पुढे मालगाडी बंद पडलेली.”

दामोदरकाकांनी मान वर केली. थोडा वेळ ते फोरमनकडे बघत होते.

“अर्धा तास,” ते म्हणाले.

“अर्धा कुठला,” फोरमन म्हणाले. “तास होता.”